पेरूचा उतारा

मुळशी तालुक्यात भांडायला कारणं कमी पडत नाहीत. बांध आहे, वाटणी आहे, सातबाऱ्यावर राहून गेलेलं कुणा चुलत आत्याचं नाव आहे, आणि हिंजवडी अंगाशी येऊन भिडल्यापासून गुंठ्याला चढलेला भाव आहे. तालुक्यातल्या चांदे गावात दोन सख्खे भाऊ एका ताटात जेवताना दिसले, तर त्यांची जमीन अजून विकायची राहिली आहे असं लोक खुशाल समजतात. अशा गावात हैबतराव आणि कुशाबा यांनी सहा-सात वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि कारण काय, तर एक कवडी.

दोघंही सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. हाताशी काम नाही, कारण शेतावर ऑफिसं उभी राहिली आणि उरलेल्या जागेत खोल्या बांधून भाड्यानं दिल्या. संध्याकाळी मारुतीच्या पारावर पट मांडून सोंगट्या खेळायच्या हा त्यांचा नेम होता. पट म्हणजे कापडाची मोठी फुली, तिच्या चारी फाट्यांवर घरं आणि मधोमध एक मोठं घर. कवड्या टाकायच्या, किती उताण्या पडल्या त्यावरून दान मोजायचं, आणि आपल्या सोंगट्या सगळ्या पटाला वळसा घालून मधल्या घरात न्यायच्या. पट हैबतरावांचा. त्यांच्या आईनं लुगड्याचे काठ जोडून तो शिवला होता. कवड्या कुशाबाच्या, बोटांनी झिजून दातांसारख्या गुळगुळीत झालेल्या.

त्या दिवशी कुशाबाची शेवटची लाल सोंगटी घराबाहेर उभी होती आणि तिला नेमके पंचवीस हवे होते. सहातल्या पाच कवड्या उताण्या पडल्या की पंचवीस. चारच पडल्या, तर नुसते चार. कुशाबानं कवड्या टाकल्या. चार उताण्या पडल्या, एक पालथी पडली, आणि सहावी पाराच्या फटीत तिरकी टेकून राहिली, ना इकडची ना तिकडची.

कुशाबा म्हणाला, उताणी. हैबतराव म्हणाले, टेकलेली कवडी धरायची नसते. कुशाबा म्हणाला, आजवर धरत आलो. हैबतराव म्हणाले, तू धरत आलास, मी नाही. बोलण्यातून बोलणं वाढलं, आणि भर पारावर चार माणसांसमोर हैबतराव बोलून गेले, "ल्हानपणापास्नं तुजा रडीचाच डाव हाय!"

कुशाबानं कवड्या गोळा केल्या, सदऱ्याच्या खिशात टाकल्या आणि चालू लागला. हैबतरावांनीही मग सोंगट्यांसकट पट गुंडाळला. तेव्हापासून पट एका घरात आणि कवड्या दुसऱ्या घरात. दोघांनाही हळहळ वाटत होती हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण पहिला पाय कुणी उचलायचा? मुळशीची माती चिकट असते, पाय लवकर सुटत नाही.

हैबतरावांची बायको रंभाबाई दर दिवाळीला म्हणायच्या, "आवं, फराळाचं ताट घिऊन जावा की त्यांच्याकडं."

"त्यो आला तर देतो," हैबतराव म्हणायचे.

"आन् त्यो बी आसंच म्हनत आसंल, तर?"

"मग खाऊ आपुनच," असं म्हणून हैबतराव करंजी तोंडात टाकायचे. ती त्यांना गोड लागत नसे, ही गोष्ट मात्र ते कुणाला सांगत नसत.

हैबतरावांच्या घरी वरच्या मजल्यावरच्या खोलीत जुईली भाड्यानं राहायला आली तेव्हा हे असं चाललं होतं. जुईली लातूरची. हिंजवडीच्या एका ऑफिसात दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचं काम तिच्याकडे होतं, आणि सुट्टीच्या दिवशीही काहीतरी शोधल्याशिवाय तिला चैन पडत नसे. एका रविवारी ती चिखलानं भरलेले बूट घेऊन जिन्यात बसली होती. रंभाबाईंनी विचारलं तर म्हणाली, "कोळवणला डबी शोधायला गेले होते, आजी."

डबी शोधायला? दोघं म्हातारा-म्हातारी ऐकत बसली. जुईलीनं समजावून सांगितलं. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी कुठंतरी एक डबी लपवतं आणि तिच्या जागेचे आकडे मोबाइलच्या नकाशावर टाकतं. जगातला कुणीही ते आकडे घेऊन शोधत येतो. डबी सापडली की आतलं काहीतरी आपण घ्यायचं, आपलं काहीतरी त्यात ठेवायचं, आणि डबी होती तशी परत लपवायची.

"डबीत सोनं आसतंय व्हय?" रंभाबाईंनी विचारलं.

"नाही हो. की-चेन, गोट्या, बटणं, असलंच काहीबाही."

"आन् त्याच्यापायी येवढा चिखल?" रंभाबाईंनी कपाळाला हात लावला. हैबतरावांना मात्र हा खेळ आवडला. काहीतरी घ्यायचं आणि काहीतरी ठेवायचं, हे त्यांना व्यवहाराला धरून वाटलं.

जुईलीच्या मनात एक बेत होता. या भागात तिच्यासारखी हजारो पोरं खोल्या घेऊन राहतात. एकाच लिफ्टमधून रोज वर जातात, एकमेकांचं नाव ठाऊक नसतं. रविवारी झोपतात, नाहीतर धरणाकडे जाऊन भजी खाऊन येतात. त्यांना एका रविवारी सकाळी ऑफिसांच्या त्याच रस्त्यांवरून चालवायचं, डब्या शोधायला लावायच्या. आठवडाभर ज्या चौकात गाडी इंचभर हलत नाही, तो चौक मोकळा कसा दिसतो ते तरी बघतील. नुसत्या डब्या शोधण्यात मजा नाही, म्हणून सगळ्याला एखाद्या पटावरच्या खेळाचं रूप द्यायचं होतं. सापशिडी घ्यावी की ल्युडो, एवढंच तिचं ठरत नव्हतं.

"तुज्या त्या आफिसांचे रस्ते कसे हायेत?" हैबतरावांनी विचारलं.

जुईलीनं मोबाइलवर नकाशा दाखवला. मधे एक गोल चौक, त्याला चार बाजूंनी चार रुंद रस्ते, दोन्हीकडे काचेच्या इमारती. हैबतराव बराच वेळ बघत राहिले. मग उठले, आतल्या पेटीतून गुंडाळी काढली आणि जमिनीवर पसरली. सहा-सात वर्षांनी पट उलगडला होता. काठांचे रंग अजून तसेच होते, हिरवा, जांभळा, कुंकवाचा.

"अय्या आबा, हा तर तोच नकाशा आहे!" जुईली ओरडली.

"नकाशा न्हाई, पट हाय," हैबतराव म्हणाले.

मग काय, पंधरा-वीस दिवस घरात दुसरा विषय नव्हता. चौक म्हणजे मधलं घर. चार रस्ते म्हणजे चार फाटे. माणसं म्हणजे सोंगट्या. पटावर जिथं फुली असते, म्हणजे जिथं सोंगटीला कुणी मारत नाही, तिथं तिथं एकेक डबी लपवायची. दान टाकायला कवड्या हव्यात, पण त्या कुठून आणायच्या? जुईलीनं ऑनलाइन मागवू का विचारलं, तर हैबतराव म्हणाले, "चिचोकं घी. फोडलेल्या चिचोक्याची एक बाजू पांढरी, एक काळी. कवडीचं काम हुतंय." कवड्या कुणाकडे आहेत हे ते बोलले नाहीत. रंभाबाई बोलणार होत्या, पण नवऱ्याच्या तोंडाकडे बघून चिंचोके फोडायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी जेवताना हैबतराव सहज आठवल्यासारखं म्हणाले, "पोरी, परत्येक टोळीत यक गावातला गडी पायजे. तुमी बाहीरची पोरं, तुमाला पट काय कळनार?"

जुईलीला ते पटलं. तिनं नियम करून टाकला. कुशाबाच्या खोल्यांत अनिमेष नावाचा अमरावतीचा मुलगा राहायचा, तोही या खेळाला येणार होता, आणि तो आपल्या घरमालकालाच घेऊन येणार हे हैबतरावांनी आधीच ताडलं होतं. रंभाबाई वाढता वाढता थांबल्या आणि म्हणाल्या, "लई हुशार हायसा." हैबतरावांनी मान खाली घालून भात कालवला.

माणसं जमली, डब्या तयार झाल्या, आणि शेवटच्या डबीनं घोळ घातला. चौथ्या रस्त्याच्या टोकाला एक तिकाटणं आहे. तीन वाटा मिळतात त्या जागेला आपल्याकडे तिकाटणं म्हणतात. पूर्वी तिथं बैलगाड्यांच्या वाटा मिळायच्या, आता डांबरी रस्ते मिळतात. तिथं फूटपाथच्या मधोमध एक जुना उंबर उभा आहे. उंबराला कुऱ्हाड लावायला कुणी मजूर तयार होईना, म्हणून फूटपाथच त्याला वळसा घालून गेला. या उंबराच्या बुंध्याशी शेवटची डबी ठेवायची असं ठरलं होतं. पहिल्यांदा ठेवली ती झाडलोट करणाऱ्यांनी पाल्याबरोबर उचलून नेली. दुसऱ्यांदा ठेवली ती एका सिक्युरिटीवाल्यानं बेवारस वस्तू म्हणून जमा केली, आणि जुईलीला एका साहेबासमोर उभं राहून तासभर बोलणी खावी लागली.

ती रडकुंडीला येऊन घरी आली. हैबतरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उंबराखालची डबी व्हय? तिची काळजी सोड. तितं मी आसं काय ठिवतो, की झाडूवाला सोड, कुत्रं बी तोंड लावायचं न्हाई."

"काय ठेवणार, आबा?"

"उतारा."

जुईली लातूरची, तिला उतारा काय ते सांगायची गरज नव्हती. कुणाला बाधा झाली, दृष्ट लागली की माणसावरून दहीभात, लिंबू, कुंकू, बिब्बा ओवाळतात आणि तिकाटण्यावर नेऊन ठेवतात. ज्यानं तो ओलांडला किंवा शिवला, त्याच्या मागे ती बाधा लागते म्हणतात. अशा पत्रावळीखाली डबी ठेवली तर तिला कोण हात लावणार? युक्ती बिनतोड होती. पण जुईली चुका शोधणारी, तिनं लगेच चूक काढली.

"पण आबा, आपल्याच लोकांनी हात नाही लावला तर?"

"शिकलीसवरलेली मानसं हायेत. त्यास्नी काय भ्याव?" हैबतराव सरळ तोंडानं म्हणाले.

खरं सांगायचं तर त्यांना पक्कं ठाऊक होतं की कुणी हात लावणार नाही. त्यांना एकाच माणसाचा हात हवा होता.

ते दोघं दहा-अकरा वर्षांचे असतानाची गोष्ट. कुशाबाचा बाप फार कडक. सोंगट्या म्हणजे जुगार असं त्याचं म्हणणं, घरात कवडी दिसली की पोराच्या पाठीवर चाबूक उठायचा. म्हणून दोघांनी कवड्या आणि सोंगट्या याच उंबराच्या मुळात, एका पोकळीत लपवल्या. पण गावातली पोरं तिथंही पोचली असती. तेव्हा कुशाबानं डोकं लढवलं. पत्रावळ आणली, चुलीवरचा शिळा भात आणला, आईच्या करंड्यातलं कुंकू चोरलं. लिंबू काही मिळेना, म्हणून मास्तरांच्या परसातला हिरवा पेरू तोडला, त्याला कुंकू फासलं आणि भातावर ठेवला. लांबून कोण बघतंय लिंबू की पेरू? जवळ यायची कुणाची छाती नव्हती. सगळं गाव त्या वाटेनं वळसा घालून जायचं. बाईमाणसं पदर तोंडाला लावायची. आणि संध्याकाळी ही दोन कार्टी तिथं येऊन उतारा खायची. भात कावळ्यांना, आणि पेरू, जो आधी पोचेल त्याला. असा दोन-तीन वर्षं त्यांनी गावाला चकवा दिला आणि मोठेपणीही कुणाला सांगितलं नाही. रंभाबाईंनासुद्धा नाही.

आता तुम्हाला कळलं असेल की हैबतरावांनी शनिवारी बाजारात जाऊन एवढी लिंबं पडलेली असताना पाव किलो हिरवे पेरू का आणले.

डबी बंद करण्याआधी जुईलीनं आत चॉकलेटं आणि की-चेन ठेवल्या. हैबतराव म्हणाले, "माजं बी कायतरी ठिव," आणि त्यांनी मुठीतून एक लाकडी लाल सोंगटी काढून दिली. घराबाहेर पंचवीसवर अडकून राहिलेली, कुशाबाची. जुईलीला वाटलं, पटाची आठवण म्हणून ठेवत असतील. तिनं ती चॉकलेटांच्या वर ठेवली.

"आबा, लिंबाच्या जागी पेरू?" पत्रावळ मांडताना तिनं विचारलं.

"लिंबं म्हाग झाल्याती," हैबतराव म्हणाले.

रविवार उजाडला तो छान गार. भातकापणी उरकली होती, तांदळाचा वास अजून हवेत होता. एरवी ज्या रस्त्यांवर हॉर्ननं कान किटतात, तिथं त्या सकाळी एक कुत्रं मधल्या पट्ट्यावर पाय ताणून झोपलं होतं. काचेच्या इमारतींत समोरच्या इमारती दिसत होत्या, आणि त्यांच्या वरून मुळशीचे डोंगर. चौकात सात-आठ टोळ्या जमल्या. मोबाइल, टोप्या, पाण्याच्या बाटल्या, आणि प्रत्येक टोळीत एक गावकरी, जणू वरातीला आल्यासारखा कडक इस्त्रीत. जुईलीनं नियम सांगितले, चिंचोके वाटले, आणि सोंगट्या चालू लागल्या.

हैबतराव यात नव्हते. ते पहाटेच उंबरासमोरच्या बसथांब्यावर जाऊन बसले होते. बाकावर गार लागतं म्हणून पट घडी करून खाली घेतला होता, निदान घरी तरी त्यांनी तसंच सांगितलं होतं. थांब्यावरून उंबर चांगला दिसत होता. आपण कुणाला दिसावं असं त्यांना वाटत नव्हतं, म्हणून टोपी पुढे ओढली होती.

बऱ्याच वेळानं जुईली शेवटच्या डबीवर लक्ष ठेवायला त्यांच्याजवळ येऊन बसली, आणि तिच्या मागोमाग पहिली टोळी आली. पोरं मोबाइलकडे बघत भराभर चालत होती. उंबराजवळ आली आणि गाडीला ब्रेक लागावा तशी थांबली.

"तीन मीटर दाखवतंय," एक म्हणाला.

"जीपीएस गंडलंय. त्या बाजूला असेल," दुसरा म्हणाला आणि रस्ता ओलांडून कचऱ्याच्या पेटीत डोकावू लागला.

त्यांच्यात एक मुलगी होती. ती म्हणाली, "मी असलं काही मानत नाही हं. पण माझं नुकतंच लग्न ठरलंय. समीर, तू बघ ना." समीरची आई गावाकडे आजारी होती. तिसऱ्यानं मोबाइलचा कॅमेरा मोठा करून लांबूनच फोटो काढला. त्यांचा गावकरी भिडू तर केव्हाच चार पावलं मागे सरकून दुसरीकडे बघत उभा होता.

दुसरी टोळी आली, तिचंही तेच झालं. तिसरीतल्या एकानं लांब काठी शोधून आणली, पण काठीलाही हात कुणाचा तरी लागणारच होता, तेव्हा ती तशीच पडून राहिली. बघता बघता उंबराभोवती वीस-पंचवीस माणसांचा घोळका जमला. मोठमोठ्या पगाराची, परदेशी गेलेली, घरी आईला अंधश्रद्धेवरून भाषण देणारी माणसं. सगळी त्या पत्रावळीपासून सारखंच अंतर राखून उभी होती.

"आबा, मी सांगते त्यांना," जुईली उठायला लागली. तिचा चेहरा उतरला होता. "एवढ्या दिवसांची मेहनत आहे. खेळ इथंच अडकला तर पुन्हा कुणी येणार नाही."

हैबतरावांना पोरीची दया आली. आपल्या डावासाठी आपण तिचा डाव पणाला लावलाय, हे त्यांना टोचलं. तरी त्यांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. "यक टोळी ऱ्हायलीया. ती येऊं दी. मग काय सांगायचं ते सांग."

"अनिमेषची? ते लोक कधीचे मागे पडलेत. आणि..." तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं ऐकलं, हसली आणि फोनवर हात ठेवून म्हणाली, "आबा, तक्रार आलीय. अनिमेषच्या टीमला चिंचोके चालत नाहीत म्हणे. त्यांचे काका खिशातून खऱ्या कवड्या काढून खेळतायत सकाळपासून. चालेल का विचारतायत."

कुशाबा आला होता. नुसता आला नव्हता, कवड्या घेऊन आला होता. हा पट कुणाचा हे त्याला नकाशा बघताच कळलं असणार, आणि तरी तो आला होता.

"चालंल," ते म्हणाले. "सांग, लई चालंल."

मग वाट बघणं आलं. हैबतरावांनी आयुष्यात पावसाची वाट बघितली होती, मोबदल्याच्या चेकची बघितली होती, सुनेच्या बाळंतपणात दवाखान्याच्या दाराशी उभं राहून बघितली होती. पण ही वाट काही वेगळीच जड होती. विसरला असेल तर? साठ वर्षं होत आली. पेरू बघून त्याला काहीच आठवलं नाही तर? किंवा आठवलं, आणि तोंड फिरवून तो परत गेला तर? मग मात्र संपलं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. मग पट पेटीतच राहील.

रस्त्याच्या वळणावरून अनिमेषची टोळी दिसली. पोरं पुढे, आणि मागे कुशाबा, हातात काठी, डोक्याला पांढरी टोपी, चालताना उजवा पाय जरा ओढत. पूर्वी ओढत नव्हता. हैबतरावांना ते बघवेना. मधल्या काळात याचा पाय दुखायला लागला, आणि आपल्याला पत्ताही नाही.

घोळक्यानं वाट दिली. अनिमेषनं पत्रावळ बघितली आणि थबकला. "काका, राहू द्या, इथं काहीतरी आहे. आपण नंतर बघू."

कुशाबानं काठी टेकली. पत्रावळीकडे बघितलं. कुंकू बघितलं, भात बघितला. मग मान जराशी वाकडी करून त्यानं त्या लिंबाकडे बघितलं, आणि बघतच राहिला. थांब्यावर हैबतराव बाकाच्या कडेला सरकून बसले.

कुशाबा पुढे झाला. "काका! काका, नको!" दोन-तीन पोरी एकदम ओरडल्या. त्यानं ऐकलं नाही. गुडघ्यावर हात ठेवून वाकला, पत्रावळीतला पेरू उचलला, कुंकू सदऱ्याला पुसलं, आणि सगळ्यांच्या देखत करकन चावा घेतला.

सगळे डोळे फाडून बघत राहिले. समीरनं तर दोन्ही हात तोंडावर ठेवले. कुशाबा निवांत चावत होता. चावता चावता त्यानं पत्रावळ बाजूला सारली, डबी उघडली, चॉकलेटांना हातही लावला नाही. लाल सोंगटी बोटांत धरली, तेव्हा त्याचं चावणं थांबलं. तो तसाच वाकलेला राहिला. पाठ थोडी हलली, पण खोकला होता की काय ते लांबून कळलं नाही.

मग तो उठला आणि मोठ्यांदा, सगळ्या तिकाटण्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "हैबत्या! कुटं लपलायस रं? पेरू कच्चा हाय!"

"तवा बी कच्चाच आसायचा!" हैबतराव थांब्यावरून ओरडले. त्यांनी टोपी मागे सारली. जुईली त्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. लिंबाच्या जागी पेरू का, ही शेवटची चूक तिला आता कुठे सापडत होती.

कुशाबा रस्ता ओलांडून आला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. कसा आहेस, पाय कधीपासून दुखतो, यातलं कुणी काही विचारलं नाही. उरलेला अर्धा पेरू त्यानं हैबतरावांच्या हातात दिला. हैबतरावांनी तो खाल्ला. मग खालून पट ओढून काढला आणि मधे पसरला, आणि त्या जुन्या डावातल्या सगळ्या सोंगट्या जिथल्या तिथं मांडल्या. सोंगट्या त्यांच्या खिशात होत्या आणि जागा त्यांच्या डोक्यात होत्या. कुशाबानं लाल सोंगटी आपल्या हातानं तिच्या जुन्या घरात उभी केली.

"दान माजं हुतं," तो म्हणाला.

"तुजंच हुतं," हैबतराव म्हणाले. "टाक."

घोळका आता थांब्याभोवती जमला होता. उतारा खाल्लेला माणूस पुढे काय करतो, हे बघायची सगळ्यांना उत्सुकता होती. कुशाबानं खिशातून कवड्या काढल्या, दोन्ही हातांत खुळखुळवल्या आणि बाकावर सोडल्या. चार उताण्या. एक पालथी. सहावी घरंगळत गेली आणि पटाच्या घडीवर चढून तिरकी टेकून राहिली.

कुशाबानं कवडीकडे बघितलं आणि हात मागे घेतला.

हैबतरावांनी मान खाली घालून, चष्मा वर करून, ती कवडी या बाजूनं बघितली, त्या बाजूनं बघितली.

"उताणीच हाय," ते म्हणाले. "पंचवीस."

"टेकलीया," कुशाबा म्हणाला. "न्हाई धरायची. परत टाकतो."

"मी म्हंतोय ना उताणी!"

"आरं, डोळं फुटलं का तुजं? सरळ टेकलेली दिसतीया!"

"पट माजा हाय. मी सांगंन ती उताणी."

"आन् कवड्या कुनाच्या हायेत?"

भांडण चांगलंच पेटलं. पोरं खो-खो हसायला लागली. जुईली मात्र हसता हसता डोळे पुसत होती, आणि आपला खेळ कुणी जिंकला हे विचारायचं तिला भानच राहिलं नाही. शेवटी हैबतरावांनी वाद तोडला. लाल सोंगटी स्वतःच्या हातानं उचलली, एकेक घर मोजत नेली आणि मधल्या घरात ठेवून दिली. कुशाबा त्या सोंगटीकडे बघत राहिला. मग त्यानं बाकावरच्या कवड्या गोळा केल्या, पण या खेपेला त्या खिशात टाकल्या नाहीत, आणि हात पुढे केला.

"घी. आता तुजा डाव."

हैबतरावांनी कवड्या मुठीत घेतल्या. त्या कुशाबाच्या हातानं गरम झाल्या होत्या.